व्हेल शार्क, एक माहितीपट आणि सौराष्ट्रचा किनारा: एका प्रकरणाचा अभ्यास

समुद्र वाचवण्यासाठी माहितीपट करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी एक प्रश्न विचारला जातो: तुमच्या फिल्मने नेमकं काय झालं? बहुतेकांकडे याचं धड उत्तर नसतं. किती जणांनी पाहिली, कुठे बक्षीस मिळालं, हॉलमध्ये लोक कसे हळहळले, एवढं सांगता येतं. पण फिल्म पाहून कोणी काही वेगळं केलं का, आणि ते फिल्ममुळेच केलं का, हे सांगणं अवघड असतं. म्हणून गुजरातच्या व्हेल शार्कचं प्रकरण मला फार मोलाचं वाटतं. तिथे फिल्म आहे, तारखा आहेत, कायदा आहे, आणि नंतरची वीस वर्षंही डोळ्यांसमोर आहेत. या विषयावर काम करू पाहणाऱ्या मराठी मित्रमैत्रिणींसाठी ते सविस्तर लिहितो आहे.

थोडक्यात हकिगत अशी. वन्यजीवपट करणारे माईक पांडे यांनी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चाललेल्या व्हेल शार्कच्या शिकारीवर ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट केला. २००० साली त्याला ब्रिस्टलच्या वाइल्डस्क्रीन महोत्सवात पांडा पुरस्कार मिळाला. या पुरस्काराला आपल्याकडे ‘ग्रीन ऑस्कर’ म्हणतात. मे २००१ मध्ये केंद्र सरकारने व्हेल शार्कचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत केला. वाघ आणि हत्ती ज्या यादीत, त्याच यादीत हा मासा आला. या कायद्याचं संरक्षण मिळालेला तो पहिला मासा.

गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवली जाते: फिल्म आली, कायदा झाला, मासा वाचला. यातली पहिली दोन विधानं खरी आहेत. तिसरं खरं व्हायला आणखी बरीच वर्षं लागली, आणि त्यासाठी लागलेलं काम पहिल्या फिल्मपेक्षा पुष्कळ वेगळं होतं. माझ्या मते या प्रकरणातलं शिकण्यासारखं जे काही आहे, ते या फरकात आहे.

मासा आणि त्याची शिकार

व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. बारा मीटर आणि त्याहूनही लांब भरतो. नावात व्हेल असलं तरी तो देवमासा नाही. तो शार्कच, पण शार्क म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं त्यातलं काहीच त्याच्यात नाही. भलंमोठं तोंड उघडं ठेवून तो पाण्यातलं प्लवक, माशांची अंडी, बारीकसारीक मासे गाळून खातो. पृष्ठभागाजवळ राहतो, संथ पोहतो आणि होडी जवळ आली तरी फारसा बिचकत नाही. शिकाऱ्याला आणखी काय हवं असतं?

त्यात हा मासा वयात यायलाच कित्येक वर्षं घेतो, बहुधा पंचवीस-तीस. त्याच्या प्रजननाबद्दलची माहिती तर आजही फार तोकडी आहे. १९९५ साली तैवानमध्ये मारलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे तीनशे पिल्लं सापडली होती. या माशाची पिल्लं आईच्या पोटातच अंड्यातून बाहेर येतात, हे त्या एका मेलेल्या मादीवरून पक्कं समजलं. असा मासा मोठ्या संख्येने मारला, तर तूट भरून यायला पिढ्या जातात.

वेरावळ, सूत्रापाडा, धामळेज, मांगरोळ, पोरबंदर, ओखा या पट्ट्यात तो दर वर्षी येतो. शिकारीचा जोर मार्च ते मे या महिन्यांत असायचा. पद्धत साधी आणि क्रूर होती. जाड लोखंडी गळ माशाच्या अंगात रुतवायचा, गळाला दोर आणि दोराला रिकामी पिंपं. मासा खाली सूर मारू पाहतो, पिंपं त्याला वर ओढतात. तो थकेपर्यंत हे चालतं. मग त्याला होडीला बांधून किनाऱ्याकडे ओढत आणायचं. या पिंपांवरूनच तिकडच्या मच्छीमारांत माशाला ‘बॅरल’ हे नाव पडलं होतं.

पूर्वी त्याची किंमत होती यकृतातल्या तेलासाठी. लाकडी होड्यांच्या तळाला हे तेल चोपडलं की लाकूड पाण्यात टिकतं. तेल काढून घेतलं की उरलेलं एवढं मोठं धूड समुद्रात सोडून द्यायचे. नव्वदच्या दशकात चित्र पालटलं. तैवानमध्ये या माशाच्या टोफूसारख्या मऊ, पांढऱ्या मांसाला मागणी होती आणि तिथल्या समुद्रातला मासा आटत चालला होता. मागणी सौराष्ट्रापर्यंत पोचली. जो मासा तेलापुरता अधूनमधून मारला जायचा, तो निर्यातीसाठी शेकड्यांनी मारला जाऊ लागला.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढच्या सगळ्याला तिचा संदर्भ आहे. हे काम करणारे लोक चोरून काही करत नव्हते. तेव्हा ते बेकायदा नव्हतंच. भर दिवसा, बंदरावर, सगळ्यांसमोर चालायचं. खरेदीला व्यापारी होते, बर्फाच्या गाड्या होत्या, भाव ठरलेले होते.

फिल्मने काय केलं

पांडे यांच्या हाती विषय आला तेव्हा दिल्लीत बसून निर्णय घेणाऱ्यांपैकी कितीजणांना आपल्या समुद्रात व्हेल शार्क आहे हे ठाऊक होतं? फारच थोड्यांना. वाघ मारला गेला तर बातमी होते, कारण वाघ असतो हे सगळ्यांना माहीत आहे. समुद्रातल्या जिवाची पहिली अडचण हीच, की तो आहे हेच आधी सिद्ध करावं लागतं. म्हणून अशा फिल्मला दोन कामं एकाच वेळी करावी लागतात. एकीकडे प्रेक्षकाला त्या जिवाच्या प्रेमात पाडायचं, दुसरीकडे तो संपत चालला आहे हे दाखवायचं. यातलं पहिलं जमलं नाही तर दुसऱ्याचा उपयोग नसतो.

इथे कॅमेऱ्यापुढे एक चमत्कारिक पेच उभा राहतो. पाण्याखालच्या चित्रणात आकार कळत नाही. निळ्या पाण्यात पोहणारा ठिपक्याठिपक्यांचा मासा दोन मीटरचा आहे की बारा मीटरचा, हे डोळ्याला समजायला शेजारी काहीतरी ओळखीचं लागतं, एखादा पाणबुड्या किंवा होडीचा तळ. किनाऱ्यावर मात्र आकार आपोआप कळतो. वाळूवर पडलेल्या धुडाशेजारी चार माणसं उभी राहिली की काळजात धस्स होतं. म्हणजे मासा किती मोठा आहे हे सर्वांत ठळकपणे दिसतं ते तो मेल्यावर. समुद्रावर फिल्म करणाऱ्या प्रत्येकाने या सापळ्याचा विचार करायला हवा. मरणाची दृश्यं ताकदवान असतात, आणि ती ताकद आयती हातात पडते. जिवंत माशाचं दृश्य तितकंच प्रभावी करायचं तर मेहनत दुप्पट लागते, आणि हिंसा पाहून हादरलेल्या माणसाला हा जीव जगायला हवा असं वाटायचं असेल, तर ती मेहनत टाळून चालत नाही.

‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ने शिकार जगापुढे आणली आणि ती योग्य माणसांपुढे आणली, हे तिचं मोठं यश. पांडे नवखे नव्हते. हत्तींवरच्या फिल्मसाठी १९९४ साली त्यांना हाच पुरस्कार मिळालेला होता आणि वन्यजीवपट करणारे म्हणून त्यांचं नाव झालेलं होतं. मंत्रालयाचं दार ठोठावणाऱ्या माणसाला लोक ओळखतात की नाही, याने पुष्कळ फरक पडतो. नव्या फिल्मकाराने निराश व्हावं म्हणून हे सांगत नाही. फिल्म तयार झाल्यावर ती कोणत्या टेबलावर पोचणार आणि कोण पोचवणार, याची आखणी चित्रणाइतकीच आधी करावी लागते, एवढंच म्हणायचं आहे.

वेळही जुळून आली. एप्रिल २००० मध्ये नैरोबीला वन्यजीव व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या, म्हणजे सायटीसच्या, देशांची परिषद भरली होती. व्हेल शार्कला दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्याशिवाय ज्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार करता येत नाही अशा जिवांच्या यादीत, घालण्याचा अमेरिकेचा प्रस्ताव तिथे फेटाळला गेला. म्हणजे फिल्म आली तेव्हा प्रश्न ऐरणीवर होता. पुढे नोव्हेंबर २००२ मध्ये चिलीतल्या सांतियागोच्या परिषदेत हाच प्रस्ताव पुन्हा आला आणि मंजूर झाला. या वेळी प्रस्ताव मांडणाऱ्या देशांत फिलिपिन्सच्या जोडीला भारत होता. ज्या देशाच्या किनाऱ्यावर शिकार होत होती, तोच देश व्यापारावरच्या नियंत्रणाची बाजू मांडायला उभा राहिला. आधी घरात कायदा केलेला असल्यामुळेच हे शक्य झालं.

श्रेय मात्र वाटून द्यायला हवं. फिल्मच्या सुमारास ट्रॅफिक-इंडिया ही वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणारी संस्था सौराष्ट्रच्या बंदरांवर पाहणी करत होती. मत्स्यशास्त्रज्ञ किनाऱ्यावर उतरवलेल्या माशांच्या नोंदी ठेवत होते. मंत्रालयातल्या अधिकाऱ्याला निर्णय घेताना फाइलवर आकडे लागतात. फिल्म त्याला अस्वस्थ करते, आकडे त्याला सही करायचं कारण देतात. दोन्ही एकाच सुमारास, एकाच माशाबद्दल समोर आले म्हणून गोष्टी इतक्या झपाट्याने घडल्या. नुसत्या फिल्मवर किंवा नुसत्या अहवालावर हे इतक्या लवकर झालं असतं असं मला वाटत नाही.

कायद्यानंतरचा किनारा

पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. कागदावर यापेक्षा कडक संरक्षण नाही. पण कागद दिल्लीत होता आणि मासा वेरावळच्या समुद्रात.

किनाऱ्यावर गोंधळ उडाला. २००१ च्याच जुलैमध्ये सरकारने एका फटक्यात सगळ्याच शार्क आणि पाकट माशांवर बंदी घातली. देशभरातल्या मच्छीमारांनी विरोध केला आणि ते साहजिकच होतं, कारण मुशी आणि पाकट हा हजारो घरांचा रोजचा धंदा. डिसेंबरमध्ये ही यादी मोजक्या जातींपुरती खाली आणली गेली. व्हेल शार्क यादीत राहिला. पण मधल्या काळात किनाऱ्यावर जो समज पसरला, तो असा: वरून कोणीतरी ठरवतं, आपल्याला विचारत नाही, आणि भुर्दंड आपण भरतो.

शिवाय हेतुपुरस्सर केलेली शिकार थांबली तरी एक मोठी अडचण उरतेच. व्हेल शार्क जाळ्यात आपण होऊन अडकतो. सुरमई-घोळीसाठी लावलेल्या जाळ्यात हे धूड शिरलं की जाळं गुंडाळलं जातं, फाटतं. तांडेलापुढे, म्हणजे होडीच्या प्रमुखापुढे, दोनच वाटा: जाळं कापून मासा सोडायचा, म्हणजे जाळं गेलं, त्या फेरीची कमाई गेली; किंवा जाळं वाचवायचं आणि मासा मरू द्यायचा. कायदा त्याला सांगतो की मारलास तर तुरुंग. पण सोडलास तर काय, याबद्दल कायदा गप्प. अशा वेळी घाबरलेला माणूस जे करतो तेच होण्याची भीती होती. मासा मरतो, गुपचूप समुद्रात सोडला जातो, कोणाला काही कळत नाही.

त्या किनाऱ्यावर नंतर काम करायला गेलेल्यांना आढळलं की पुष्कळ मच्छीमारांना या माशाला कायद्याचं संरक्षण आहे हेच माहीत नव्हतं. ब्रिस्टलपर्यंत पोचलेली गोष्ट सूत्रापाड्याच्या धक्क्यावर पोचलेली नव्हती. यात फिल्मचा दोष मी मानत नाही. ती फिल्म तांडेलासाठी केलेलीच नव्हती. ज्या दृश्यांनी दिल्लीतला अधिकारी हेलावला, तीच दृश्यं वेरावळला पडद्यावर लावली असती तर समोर बसलेल्या लोकांनी त्यांत स्वतःला पाहिलं असतं, आणि तेही आरोपीच्या पिंजऱ्यात. आपल्याच कामाचं, आपल्याच गावाचं असं चित्र पाहून माणूस बदलत नाही, चिडतो.

इथेच एक गोष्ट नव्या फिल्मकारांना कळकळीने सांगावीशी वाटते. ज्या दिवशी तुम्ही चित्रण करता त्या दिवशी एखादी गोष्ट कायदेशीर असेल. तुमची फिल्म यशस्वी झाली तर ती उद्या गुन्हा ठरेल. तेव्हा तुमच्या फ्रेममधला चेहरा, होडीवरचा नोंदणी क्रमांक, पाठीमागचं घर, हे सगळं पुरावा होऊन बसतं. ज्याने विश्वासाने तुम्हाला होडीवर घेतलं त्याचं काय? चेहरे टाळता येतात. हात, गळ, दोर, पिंपं एवढ्यावर प्रसंग उभा करता येतो. आणि मांसाच्या त्या साखळीत तैवानची बाजारपेठ, निर्यातदार, दलाल अशी बरीच मंडळी असतात. कॅमेरा मात्र नेहमी साखळीच्या शेवटच्या गरीब कडीवर जाऊन थांबतो, कारण ती कडी उघड्यावर काम करते. वातानुकूलित कचेरीत कोण कॅमेरा घेऊन जातं?

‘व्हाली’

जानेवारी २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, इंटरनॅशनल फंड फॉर अॅनिमल वेल्फेअर, टाटा केमिकल्स आणि गुजरात वन खातं यांनी मिळून किनाऱ्यावर मोहीम सुरू केली. तिचा कणा ठरले रामकथाकार मोरारी बापू. त्यांनी मच्छीमारांना सांगितलं ते असं, की ही मासळी म्हणजे माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे. लाडकी या अर्थी तिला ‘व्हाली’ म्हटलं गेलं. गुजरातेत काय किंवा आपल्याकडे काय, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीला कोण दुखावेल?

मोहिमेने गावोगावी पथनाट्य नेलं. त्यात एका मच्छीमाराची गरोदर लेक घरी आलेली आहे, आणि बाप समुद्रात व्हेल शार्कवर गळ टाकायला निघाला आहे. सोबत हवा भरून फुगवलेली व्हेल शार्कची पूर्णाकृती प्रतिकृती असायची. गावच्या चौकात ती उभी राहिली की पोरंटोरं आधी जमायची, मग बाया, मग म्हातारेकोतारे. फिल्ममधला आकाराचा पेच इथे कापड आणि हवेने सोडवला. मासा किती मोठा आहे हे गावाने पाहिलं, आणि तो मेलेला न पाहता पाहिलं. पोरबंदरने व्हेल शार्कला शहराचं मानचिन्ह म्हणून दत्तक घेतलं. दीव, द्वारका, ओखा अशी इतर गावंही त्या वाटेने गेली. कार्तिक अमावास्येला गुजरातेत व्हेल शार्क दिवस पाळला जाऊ लागला.

मला या टप्प्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की मच्छीमाराची भूमिका बदलली. दिल्लीला दाखवलेल्या गोष्टीत तो मारणारा होता. या गोष्टीत तो बाप झाला. माणसाला गुन्हेगार ठरवून त्याच्याकडून काही करून घेता येत नाही. घरातला कर्ता म्हणून हाक मारली तर तो ओ देतो. आणि हाक मारणारा त्यांच्यातला, त्यांना वंदनीय असा होता. कुणी शहरी पर्यावरणवादी किनाऱ्यावर जाऊन हेच बोलला असता तर लोकांनी ऐकून घेतलं असतं आणि दुसऱ्या दिवशी विसरूनही गेले असते.

अभ्यास म्हणून एक शंकाही नोंदवायला हवी. व्हेल शार्क गुजरातच्या किनाऱ्यावर पिल्लं घालायलाच येतो, हे विज्ञानाने अजून ठामपणे सिद्ध केलेलं नाही. खाणं विपुल असतं म्हणून तो येतो, हे अधिक स्पष्ट आहे. म्हणजे माहेरवाशिणीची गोष्ट विज्ञानाच्या चार पावलं पुढे गेलेली आहे. हे चालतं का? मी बराच विचार केला आहे, आणि माझं मत असं की पथनाट्यात ते चालतं, माहितीपटात चालत नाही. नाटक पाहणाऱ्याला ठाऊक असतं की ही उपमा आहे. माहितीपटाने निवेदकाच्या आवाजात हेच सांगितलं तर ते सत्य म्हणून नोंदलं जातं, शाळेच्या पुस्तकात जातं, आणि उद्या शास्त्रज्ञ काही वेगळं म्हणाले तर सगळ्या मोहिमेवरचा विश्वास डळमळतो. पथनाट्याची फिल्म काढावी, लोकांची श्रद्धा आदराने दाखवावी, पण निवेदनाने स्वतः त्यावर शिक्का मारू नये.

कॅमेरा होडीवर जातो

गुजरात सरकारने पुढे फाटलेल्या जाळ्याची भरपाई द्यायला सुरुवात केली. कायदा ज्या प्रश्नावर गप्प होता त्याचं उत्तर इथे मिळालं. पण भरपाई म्हटली की पुरावा आला. सुरुवातीला पद्धत अशी होती, की व्हेल शार्क जाळ्यात सापडला की मच्छीमाराने कळवायचं, वन खात्याचे लोक होडीने समुद्रात जाणार, त्यांच्या समोर जाळं कापून मासा सोडायचा, मग कागदपत्रं. यात तासन्‌तास जायचे. व्हेल शार्कच्या कल्ल्यांतून पाणी वाहतं राहायचं तर त्याला पुढे सरकत राहावं लागतं. जाळ्यात जखडलेला मासा दर तासाला अधिक थकत जातो. ज्याला वाचवायचं तोच साक्षीदाराची वाट पाहताना मरण्याची भीती.

२०१२ च्या सुमारास यावर जो तोडगा निघाला तो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. मच्छीमारांना पाण्यात चालणारे साधे कॅमेरे वाटले गेले. मासा अडकला की तांडेलाने स्वतःच फोटो काढायचे, जाळं कापायचं, मासा मोकळा झाल्याचा फोटो काढायचा आणि किनाऱ्यावर आल्यावर ते दाखवून भरपाई मागायची. सरकारी होडीची वाट पाहणं संपलं.

या फोटोंत कलात्मक असं काही नसतं. क्षितिज तिरकं, अर्ध्या फ्रेममध्ये कुणाचा तरी कोपर, पाण्यात ठिपक्यांची पाठ, तिच्यावर निळं-हिरवं नायलॉनचं जाळं ताणलेलं, आणि होडीच्या काठावरून वाकून सुरीने दोर कापणारा खलाशी. पण तेव्हाच्या फिल्ममध्ये हाच माणूस, याच काठावरून, याच माशावर गळ टाकताना दिसला असता. आता त्याच्याच सोबत्याने काढलेलं त्याचं हे चित्र आहे, आणि त्यावर त्याला हक्काचे पैसे मिळतात. सुटलेल्या माशांची संख्या आता नऊशेच्या पुढे गेली आहे.

संवर्धनासाठी फिल्म करणाऱ्यांनी या टप्प्याकडे नीट पाहावं. आपण चित्रण करतो, निघून येतो, संकलन करतो, दाखवतो. चित्रणाचा मालक आपण, आणि किनाऱ्यावरचा माणूस विषय. इथे ते उलटं झालं, आणि त्याने जे साधलं ते बाहेरच्या कोणाच्याही कॅमेऱ्याने साधलं नसतं, कारण मासा अडकतो त्या क्षणी तिथे दुसरं कोणी नसतंच.

शास्त्रालाही चित्रांचा उपयोग असतो. व्हेल शार्कच्या अंगावरची ठिपक्यांची रचना प्रत्येक माशाची निराळी. ताऱ्यांचे नकाशे जुळवण्यासाठी खगोलशास्त्रात बनवलेली एक गणिती पद्धत वापरून कल्ल्यांमागच्या ठिपक्यांवरून मासा ओळखता येतो, आणि जगभरातल्या हौशी पाणबुड्यांच्या फोटोंतून अशी ओळखपरेड चालते. होडीवरून घेतलेल्या फोटोत तो भाग दिसेलच असं नाही. पण तांडेलाला कुठला कोन घ्यायचा हे शिकवलं, तर भरपाईचा तोच फोटो शास्त्रीय नोंदही होऊ शकतो. असं प्रशिक्षण देण्यासाठी फिल्मकाराइतका योग्य माणूस दुसरा कोण?

आकड्यामागे काय आहे

नऊशेहून अधिक सुटका म्हणजे नऊशे मासे जगले असं मात्र धरता येत नाही. सुटका म्हणजे मासा जाळ्यातून जिवंत बाहेर पडला. पुढे त्याचं काय झालं, हे फोटो सांगत नाही. हेही शक्य आहे की तोच मासा दुसऱ्या वर्षी दुसऱ्या जाळ्यात सापडला आणि दोनदा मोजला गेला. संख्या वाढली ती मासे वाढले म्हणून, जाळी वाढली म्हणून की कळवणारे वाढले म्हणून, हेही नुसत्या आकड्यावरून ठरत नाही. उपग्रहाला संदेश पाठवणारे टॅग लावून काही माशांचा माग काढला गेला. सौराष्ट्राजवळ टॅग लावलेली एक मादी अरबी समुद्र ओलांडून सोमालियाच्या किनाऱ्यापर्यंत गेलेली आढळली. म्हणजे गुजरातेत वाचवलेला मासा वर्षाचा बराच काळ इतरांच्या पाण्यात असतो. २०१६ पासून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत व्हेल शार्क ‘संकटग्रस्त’ वर्गात आहे, आणि तो तिथून खाली उतरलेला नाही.

फिल्ममध्ये आकडे वापरताना हे सगळं सांगायला वेळ नसतो हे मला माहीत आहे. तरी ‘नऊशे मासे वाचले’ आणि ‘नऊशे वेळा जाळी कापली गेली’ यांतलं दुसरं वाक्य निवडावं. ते अधिक खरं आहे, आणि त्यात त्या माणसांची कृती आहे, ज्यांनी आपलं जाळं स्वतःच्या हाताने कापलं.

आपल्या किनाऱ्यावर

महाराष्ट्रातही डिसेंबर २०१८ पासून जाळ्यात अडकलेले संरक्षित सागरी जीव सोडणाऱ्या मच्छीमारांना जाळ्याच्या नुकसानीपोटी पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे. वन खात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग ती चालवतात. सोडल्याचे फोटो किंवा व्हिडिओ पुरावा म्हणून चालतात, आणि आता वेगळा कॅमेरा वाटायची गरजही नाही, मोबाइल प्रत्येक होडीवर आहे. या योजनेतून कासवं, व्हेल शार्क, डॉल्फिन सुटल्याचे व्हिडिओ आपण बातम्यांत पाहतो.

त्यांचं पुढे काय होतं? दावा मंजूर झाला की ते फाइलमध्ये जातात, फार तर एक दिवस समाजमाध्यमांवर फिरतात. कोकण किनाऱ्यावर फिल्म करायची इच्छा असलेल्या माणसासाठी मला हे सर्वांत मोठं न उघडलेलं भांडार वाटतं. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या खलाशांनी, स्वतःच्या नफ्यातोट्याच्या क्षणी, स्वतःच्या हाताने केलेलं हे चित्रण आहे. त्यात त्यांचे आवाज आहेत, आरडाओरडा आहे, “अरे पाती लाव, पाती लाव” आहे, मासा सुटल्यावरचा जल्लोष आहे. हे गोळा करायचं तर आधी प्रत्येकाची परवानगी घ्यावी लागेल, कोणाचं कोणतं चित्रण याची नोंद ठेवावी लागेल आणि फिल्मच्या उत्पन्नात त्यांचा वाटा ठरवावा लागेल. फिल्म तयार झाली की ती आधी त्या गावांत दाखवायची, शक्यतो पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत, जेव्हा होड्या ओढून ठेवलेल्या असतात आणि माणसं घरी असतात. मुंबई-पुण्याचे महोत्सव त्यानंतर.

आणि एक भाग बाहेरून जाऊन चित्रित करावाच लागेल: भरपाईचा दावा होडीपासून सरकारी टेबलापर्यंत कसा जातो, किती दिवसांनी पैसे हातात येतात, आणि जाळ्याच्या खऱ्या किमतीपुढे ती रक्कम किती पडते. तांडेल पुढच्या वेळी सुरी काढेल की नाही, हे बरंचसं त्या उत्तरावर ठरतं, आणि त्यावर अधिकाऱ्यांना दाखवण्याजोगी फिल्म कोणीतरी करायला हवी.